सिंधू, सव्वादहाला मी गेले नव्हते

सिंधू,

तुझ्या शोकसभेला हॉल भरला होता. मी माणसे मोजली नाहीत, पण मोजावीशी वाटली, हे आधी कबूल करते. आपल्या मराठी मंडळाची माणसे येणारच होती. तुझ्या ऑफिसातली येतील, हेही अपेक्षित होते. परंतु शेवटच्या रांगेत तुझे विद्यापीठातले प्राध्यापक बसले होते. पायांत चिखल लागलेले बूट होते, आणि ते डोळे पुसत होते. माझ्यासाठी एखाद्या शिक्षकाच्या डोळ्यांत पाणी आल्याचे मला आठवत नाही, आणि स्वतः शिक्षिका असल्यामुळे ते आणणे किती अवघड असते हे मला ठाऊक आहे. तुझ्या फोटोला हार घालताना माझ्या मनात दुःख होते, आणि त्याच्या शेजारी, त्याच बाकावर, हेवा बसला होता. हा शेजार सहा वर्षांचा आहे.

मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर लिहायला मला सांगण्यात आले. "बाई, तुमची इतकी जवळची मैत्रीण. तारखाबिरखा तुम्हाला पाठच असतील," असे संपादक म्हणाले. तारखा पाठ आहेत. त्या तुझे यजमान अशोकराव यांनी सभेत वाचून दाखवल्या आहेत; तुझा आजार, तुझी नोकरी, तुझी पदवी सर्वांना माहीत आहे. मला त्यांपैकी काही लिहायचे नाही. मला एका चुकीची दुरुस्ती लिहायची आहे. चूक दिसली की तिच्याखाली लाल रेघ ओढायची आणि समासात बरोबर उत्तर लिहायचे, ही सवय मी साताऱ्याच्या मुलींना अकरा वर्षे लावली. आता तीच रेघ मला माझ्या स्वतःच्या वहीत ओढायची आहे.

आपण प्रथम भेटलो ती जागा कॉलेजची व्यायामशाळा. नाव नोंदवण्याची रांग तिथे लागत असे. एका टेबलावर इंग्रजी, दुसऱ्यावर गणित, तिसऱ्यावर इतिहास. तू माझ्या मागे होतीस. साडीखाली कॅनव्हासचे बूट होते आणि हातातल्या फॉर्मचा पंखा करून तू वारा घेत होतीस.

"बाई आहात का हो तुम्ही?" तू विचारलेस.

"म्हणजे?"

"म्हणजे शाळेतल्या. रांगेतसुद्धा किती सरळ उभ्या आहात नं."

मी होय म्हणाले. तेव्हापासून मी तुझी बाई झाले, आणि तुझ्यामुळे हळूहळू सांता क्लारातल्या सगळ्या मराठी माणसांची. मी तुला तू म्हणू लागले, कारण तू पाच वर्षांनी लहान होतीस. तू मला तुम्ही म्हणत राहिलीस. पुढे तू विद्यापीठात गेलीस आणि मी मागे राहिले, तेव्हाही तुझ्या तोंडून ते तुम्ही सुटले नाही. ते मला आवडायचे. टोचायचेही.

पुढचे तुला माहीत आहे, परंतु अंक वाचणाऱ्यांसाठी सांगायला हवे. आपल्या दोघींचे यजमान इथल्या चिपच्या कारखान्यांत इंजिनिअर. तू नागपूरला बी.ए.चे दुसरे वर्ष अर्धे टाकून लग्न करून आलेली, मी बी.एस्सी., बी.एड., पहिल्या वर्गात. इथे शाळेत शिकवायचे तर इथली चार वर्षांची पदवी हवी, आणि माझी पदवी तीन वर्षांची. तेव्हा मार्ग असा ठरला: घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षे काढायची, तिथले क्रेडिट घेऊन विद्यापीठात ट्रान्सफर व्हायचे आणि उरलेली दोन वर्षे तिथे पूर्ण करायची. मला पुन्हा फळ्यासमोर उभे राहायचे होते. मला दुसरे काहीही नको होते. तुला काय हवे होते, ते तुला त्या वेळी ठाऊक नव्हते. "घरी बसून कंटाळा आला," इतकेच तू सांगितले होतेस.

आराखडा मी केला. आलेखाचा मोठा कागद आणून त्यावर आडव्या ओळीत सत्रे आणि उभ्या रकान्यात विषय मांडले. माझे विषय निळ्या शाईत, तुझे हिरव्या शाईत. तो कागद माझ्या स्वयंपाकघरात टेलिफोनच्या वर लावला. तू आलीस की चहाचा कप हातात घेऊन तो वाचायचीस आणि म्हणायचीस, "बाई, माझं आयुष्य एवढं नीट कुणीच लिहिलं नव्हतं."

माझी चूक त्या कागदावरच होती, आणि अगदी स्वच्छ अक्षरात होती. कॉलेजच्या माहितीपुस्तकात प्रत्येक विषयाला क्रमांक असे. शंभराच्या खालचे आकडे मला खालच्या इयत्तांसारखे वाटले. वरच्या वर्गात बसायचे तर खालचा वर्ग आधी पुरा करायचा. इयत्ता गाळणे हे माझ्या लेखी कॉपी करण्याच्या जवळचे होते. म्हणून मी पायापासून सुरुवात केली. जिने मॅट्रिकच्या मुलींना त्रिकोणमिती शिकवली, ती सत्तेचाळीस क्रमांकाच्या वर्गात अपूर्णांकांचा गुणाकार करत बसली. शंभरांपैकी शंभर गुण मिळाले. खोटे कशाला सांगू, मला फार आनंद झाला. गावाकडे पत्रातही कळवले.

"काय करून राहिल्या बाई? अपूर्णांक? तुम्ही?"

"पाया पक्का असावा, सिंधू."

"बाप्पा. तुमचा पाया तर साताऱ्यातच भरून झाला. आता इथं भिंती उचला नं."

तू स्वतः खालच्या वर्गात एक दिवस बसलीस आणि उठून आलीस. "एवढं तर मला येतं. मग पुन्हा काहून बसू?" तू सरळ शंभराच्या वरच्या इंग्रजीत नाव घातलेस आणि पहिल्या निबंधाला सी, म्हणजे जेमतेम पास, घेऊन आलीस. हिरव्या शाईच्या रकान्यात मी तो सी लिहिला. लिहिताना मला बरे वाटले, हेही आज नोंदवते.

त्या सीनंतर तू जे केलेस, ते मला कधी जमले नाही. तू त्या शिक्षिकेच्या खोलीत गेलीस. इथल्या प्रत्येक शिक्षकाच्या दारावर पाटी असते: अमुक वारी, अमुक वेळी विद्यार्थ्यांनी भेटावे. ह्या वेळेला ऑफिस अवर म्हणतात. मी ती पाटी रोज वाचत असे आणि पुढे जात असे. आमच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत दोनच प्रकारच्या मुली यायच्या. एक, शिक्षेसाठी बोलावलेल्या. दुसऱ्या, परीक्षेनंतर परसातले पेरू घेऊन आलेल्या. तिसरी मुलगी मी पाहिली नव्हती. म्हणून तू डब्यात चिवडा भरून त्या खोल्यांत जाऊ लागलीस, तेव्हा मी तुला मनातल्या मनात पेरूवाल्या मुलींत बसवले. ते मनात राहिले असते तरी चालले असते. एकदा तुझ्या गाडीतून घरी येताना मी ते बोलले.

"सिंधू, हा वशिला झाला."

"कशाचा वशिला? समजलं नाही ते विचारलं मी. दारावर लिहून ठेवलंय त्यांनी, या म्हणून."

"लिहितात. म्हणून जायचे नसते."

"मग लिहितात काहून?"

मी गाडीची काच वर केली. दोन सिग्नल गेल्यावर तू म्हणालीस, "बाई, चिवडा तर तुम्हालाही देते मी. तुमच्याकडं कोणता वशिला लावू?" मला हसू आले, आणि आपले भांडण तिथेच थांबले. मिटले मात्र नाही. पुढे सहा वर्षांत आपण दोघींनी तो शब्द पुन्हा उच्चारला नाही. चिवड्याच्या डब्याकडे पाहिले की मला तो ऐकू येत असे.

दुसऱ्या वर्षी तुला भूशास्त्र भेटले. मीच भेटवले. प्रयोगशाळा असलेला एक विज्ञान विषय प्रत्येकाला घ्यावा लागत असे, आणि तुझ्या वेळेत बसणारा तेवढाच होता. हिरव्या शाईत मी तो सहज लिहिला. तीन आठवड्यांत तू बदललीस. डोंगर पाहिला की गाडी हळू करू लागलीस. मागच्या सीटवर हातोडी आली. नागपूरची सीताबर्डीची टेकडी आणि साताऱ्याचा अजिंक्यतारा एकाच लाव्ह्याचे आहेत, हे तू मला माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून सांगितलेस, जणू मला ते माहीत नसावे. अग्निजन्य, स्तरित, रूपांतरित: हे तीन शब्द मी अकरा वर्षे भूगोलाच्या तासाला फळ्यावर लिहिले, सिंधू. शाळेत नमुन्यांची एक पेटी होती आणि तिची किल्ली मुख्याध्यापकांकडे असे. मी खडक शिकवले, ते पुस्तकातल्या चित्रांवरून. तू त्यांच्यावर हातोडी मारून आलीस.

पहिल्या सहलीहून तू माझ्यासाठी एक दगड आणलास. हिरवट, साबणासारखा गुळगुळीत, मुठीत मावेल एवढा.

"ओळखा बघू, बाई. तुमचाच विषय."

मी हातात न घेताच म्हणाले, "अग्निजन्य."

तू फक्त हसलीस. तू गेल्यावर मी तो दगड जिरेनियमच्या कुंडीखाली सरकवला. कुंडी डगमगत होती, असे मी ह्यांना सांगितले. ती डगमगत नव्हती.

त्याच हिवाळ्यात तू काउन्सेलरबाईंना भेटलीस. ट्रान्सफरचे अर्ज त्या तपासून देत. परत आलीस ती सरळ टेलिफोनजवळच्या कागदापाशी.

"त्यांनी माझे पुढचे दोन विषय खोडले. म्हणे, शंभराच्या खालचं विद्यापीठ मोजतच नाही. तुमच्याही निळ्या शाईतले खोडावे लागतील का हो?"

"माझ्या कागदाला हात लावू नकोस."

आवाज इतका चढला, की आतल्या खोलीत मीनलने टीव्ही बंद केला. तुझी मुलगी त्या वेळी नऊ वर्षांची होती. "मॉम, इज मावशी मॅड?" तिने दारातून विचारले. तू म्हणालीस, "नाही गं. मावशी थिंकिंग करते आहे."

चार दिवसांनी तू एक चिठ्ठी आणलीस. माझ्या नावाने वेळ घेतली होतीस. मंगळवार, सव्वादहा. "मी आग्रह नाही करत," म्हणालीस आणि चिठ्ठी साखरेच्या डब्यावर ठेवून गेलीस.

आता दुरुस्ती.

त्या मंगळवारी मी दहा वाजता कॉलेजात पोचले. काउन्सेलरबाईंची खोली वाहनतळावरून दिसते. मी गाडीत बसून राहिले. मी स्वतःशी असे मांडले: जी स्त्री बी.ए. अर्धवट टाकून आली, तिने लावून दिलेल्या भेटीला, पहिल्या वर्गाची बी.एड. जाणार, आणि तिथे तिला सांगितले जाणार की तुझा आराखडा चुकला. चूक असण्यापेक्षा चूक तुझ्यामुळे सापडणे मला असह्य होते. साडेदहाला त्या खोलीचे दार उघडले. एक बाई बाहेर डोकावून दोन्ही बाजूंना पाहून आत गेल्या. मी चिठ्ठीची बारीक घडी घातली आणि ती गाडीतल्या राखदाणीत टाकली, जिच्यात आमच्या घरात कोणीच कधी राख टाकली नाही.

संध्याकाळी तुझा फोन आला. "गेल्या होत्या नं, बाई?"

"गेले होते. सगळे बरोबर आहे म्हणाल्या."

ह्या दोन वाक्यांपैकी एकही खरे नव्हते. अर्ज मी तसाच पाठवला.

वसंतात उत्तरे आली. तुझे जाड पाकीट, प्रवेश मिळाल्याचे. माझा एक कागद. गुण उत्तम, असे त्यांनी लिहिले होते, परंतु ट्रान्सफर होण्याजोगे क्रेडिट पुरेसे नाहीत. माझे निम्मे विषय शंभराच्या खालचे होते. तू तुझे पाकीट पर्समध्ये लपवून माझ्याकडे आलीस. लपवलेले दिसत होते. त्याचा कोपरा बाहेर आला होता, आणि मी तुझ्याशी बोलताना त्या कोपऱ्याशी बोलत होते.

"पण त्यांनीच तर तपासलं होतं नं?" तू म्हणालीस. "सगळं बरोबर आहे म्हणाल्या नं तुम्हाला?"

मी मान हलवली.

मग तू पेटलीस. मी तुला कधी तशी पाहिली नव्हती. "आमच्या बाईंचं वर्ष वाया घालवलं त्यांनी? विचारतेच जाऊन." मी थांबवायला हवे होते. एक वाक्य पुरेसे होते. मी तुला चपला घालताना पाहिले, गाडी सुरू होताना ऐकली, आणि ओट्यापाशी उभी राहून कणीक मळत राहिले. इतकी कणीक आम्हा दोघांना लागत नाही.

तासाभराने तू परत आलीस. दारातच उभी राहिलीस. राग कुठे गेला होता, कळेना.

"काय म्हणाल्या?" मी विचारले.

तू माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलेस. मग म्हणालीस, "चुकलं म्हणे त्यांचं. जाऊ द्या, बाई. पुन्हा करू अर्ज."

मला सुटल्यासारखे झाले. काउन्सेलरबाईंना त्यांचे काम नीट आठवत नसावे आणि कटकट नको म्हणून त्यांनी चूक मान्य केली असावी, असा हिशेब मी केला. प्रश्न चुकीचा मांडला तरी कधी कधी उत्तर जुळते, हे मी विद्यार्थिनींना नेहमी सांगत असे. ते स्वतःला सांगायचे राहिले.

पुन्हा अर्ज मी केला नाही. करायचा तर त्याच खोलीत जावे लागणार होते, आणि तिथे माझ्या नावापुढे रिकामी जागा असणार, असे मला वाटत होते. मी कॉलेज सोडले आणि एका प्राथमिक शाळेत मदतनीस झाले. मुलांच्या पेन्सिलींना टोके काढते, रंग कपाटात लावते, दुसरी कोणी शिकवत असताना मागे उभी राहते. फळा मला रोज दिसतो.

तू विद्यापीठात गेलीस. मला तुझ्या पाठीवरच्या पिशवीचा हेवा वाटला, ओळखपत्रावरच्या त्या वेड्यावाकड्या फोटोचा वाटला, आणि "आमच्या डिपार्टमेंटला" ह्या दोन शब्दांचा तर इतका, की तू ते म्हणालीस की मी चहात साखर ढवळू लागे. तुझे फोन मी तिसऱ्या घंटीनंतर उचलू लागले. तू पदवीची टोपी घालून विद्यापीठाच्या चौकात उभी होतीस, तेव्हा मी टाळ्या वाजवल्या, आणि परत येताना डोके दुखते म्हणून गाडीत डोळे मिटून घेतले. घरी आल्यावर हे म्हणाले, "तुझ्या आराखड्यामुळे सिंधूताई इथवर आल्या, असे त्या सगळ्यांना सांगत होत्या." मला ते ऐकू आले होते. त्याचाच तर त्रास होता.

आणि ह्या चारही वर्षांत, मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात, मी कॉलेजात का मागे राहिले हे कोणी विचारले, की माझे उत्तर तयार असे: काउन्सेलरने चुकीचे सांगितले. तुम्हा वाचकांपैकी अनेकांनी ते ऐकले आहे. गेल्या गणपतीत एक नवी आलेली मुलगी कॉलेजात जायचे म्हणत होती. मी तिला बजावले, "त्या काउन्सेलर लोकांवर विसंबू नकोस. माझी दोन वर्षे गेली." तू शेजारी मोदकांची ताटे लावत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "तरी जाऊन ये गं. बाईंच्या वेळेला चुकलं असेल त्यांचं. नेहमी नाही चुकत." मला वाटले, ही माझे बोलणे खोडते आहे. मी तुझ्याशी त्या संध्याकाळी बोलले नाही. हे मात्र तुझ्या लक्षात आले नसावे, असे मानायला मला आवडते.

आजाराने तुला पाच आठवडे दिले. मी रोज इस्पितळात येत असे, डबा घेऊन, जो तू खाऊ शकत नव्हतीस. त्या खोलीतही मी हेवा केला, सिंधू. खिडकीच्या कठड्यावर तुझ्या सहकाऱ्यांनी फुलांऐवजी दगड आणून ठेवले होते. नर्स हसत होत्या. एकदा तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "बाई, तुमचा तो कागद आहे का अजून?"

"कोणता?"

"निळ्या-हिरव्या शाईचा. एकदा आणा नं. खोडायचं राहिलं आहे."

औषधांनी तू बडबडते आहेस असे मला वाटले. मी "उद्या आणते" म्हणाले. शिक्षिका मुलांना उद्या म्हणते, त्याच सुरात. कागद घरी होता. टेलिफोनच्या वरून काढून कपाटावर गुंडाळून ठेवलेला. मी तो आणला नाही.

सभेच्या दुसऱ्या आठवड्यात मी तो खाली काढला. हिरव्या शाईच्या रकान्यात शेवटपर्यंत खुणा होत्या. निळा रकाना मध्येच थांबला होता. मी तो गुंडाळला आणि कॉलेजात गेले. वेळ घेतली नव्हती. काउन्सेलरबाईंचे केस आता पूर्ण पांढरे आहेत. मी नाव सांगितले आणि म्हटले की चार वर्षांपूर्वी मी एका मंगळवारी यायला हवे होते.

"सव्वादहा," त्या म्हणाल्या. त्यांचे इंग्रजी मी इथे मराठीत लिहिते आहे. "तुम्ही सिंधूच्या शिक्षिका."

मी शिक्षिका नव्हे, मैत्रीण, असे म्हणायला तोंड उघडले आणि मिटले.

मग त्यांनी सांगितले. त्या दिवशी तू भांडायलाच आली होतीस. त्यांनी शांतपणे वही उघडून तुला ते पान दाखवले. मंगळवार, सव्वादहा, माझे नाव, आणि पुढे त्यांच्या अक्षरात: आल्या नाहीत. तू ते पान बराच वेळ पाहिलेस. मग खुर्चीवर बसलीस आणि त्यांना विनंती केलीस की कोणी विचारले, तर चूक तुमची होती असे सांगाल का. त्यांनी कारण विचारले. तू म्हणालीस, "त्या सगळ्यांच्या चुका काढतात. स्वतःची सापडायला वेळ लागेल. सापडली की येतील."

"मी हो म्हटले," काउन्सेलरबाई म्हणाल्या. "ह्याहून मोठे आरोप मी झेलले आहेत." विद्यापीठात गेल्यावरही तू दर दिवाळीला त्यांच्याकडे चिवड्याचा डबा घेऊन जायचीस. आणि दर वेळी एकच प्रश्न विचारायचीस: आमच्या बाई येऊन गेल्या का?

म्हणजे तुला माहीत होते. दारात उभी राहून माझ्याकडे पाहिलेस तेव्हा माहीत होते. मोदकांची ताटे लावताना माहीत होते. मी चार वर्षे मंडळात उभी राहून एका निरपराध स्त्रीला दोष देत होते, तेव्हा तू शेजारी बसून ऐकत होतीस.

त्या खोलीत माझ्या मनात पहिल्यांदा काय आले तेही लिहिते, कारण ते गाळले तर दुरुस्ती अपुरी राहील. मला कृतज्ञता वाटली नाही. मला तुझा संताप आला. अभ्यासात पुढे गेलीस, ते मी कसेबसे सोसले होते. आता कळले की मनाच्या मोठेपणातही तू कितीतरी इयत्ता पुढे होतीस, आणि ह्या विषयाला तर ट्रान्सफरही नाही. रडू आले ते नंतर, वाहनतळावर, त्याच जागी गाडी लावलेली होती म्हणून.

काउन्सेलरबाईंनी कागद टेबलावर पसरला. "सुंदर अक्षर," म्हणाल्या. मग मला लाल पेन्सिल दिली आणि त्या क्रमांक वाचत गेल्या. मी रेघा मारत गेले. अपूर्णांक खोडले. व्याकरण खोडले. सात विषय खोडले. जे उरले ते वाटले होते त्यापेक्षा बरे निघाले. दोन सत्रांचे काम आहे. पुढच्या शरद सत्रासाठी अर्ज करता येईल. त्यांनी पुढची भेट मंगळवारी ठेवली. वेळ मीच मागितली.

वाचकांसाठी समासातले उत्तर असे: काउन्सेलरचे काहीही चुकले नव्हते. मी गेलेच नव्हते. ती नवी मुलगी हे वाचत असेल, तर तिने सिंधूचे ऐकावे.

सिंधू, हेवा गेलेला नाही. तुझ्या मृत्यूने तो धुऊन निघेल असे मला वाटले होते. तसे होत नाही. मीनलचा हातही आता तुझ्यासारखा दिसू लागला आहे. परवा ती तुझी हातोडी घेऊन आली. "मावशी, मॉम सेड यू शुड हॅव इट. तू वापरशील?" तिने विचारले. मी म्हणाले, "शिकावे लागेल." ती म्हणाली, "दॅट्स ओके."

ती गेल्यावर मी जिरेनियमची कुंडी उचलली. दगड तिथेच होता, थोडा मातीत रुतलेला. नळाखाली धुतला. ओला झाल्यावर त्याच्यावर हिरव्या-काळ्या शिरा दिसल्या, सापाच्या अंगावर असतात तशा. मी जुनी पुस्तके काढून पाहू शकते. तसे मी करणार नाही. तू हसली होतीस, म्हणजे माझे उत्तर चूक होते, एवढे मला माहीत आहे. बरोबर काय, ते माहीत नाही.

चिखलाच्या बुटांच्या त्या प्राध्यापकांचे ऑफिस अवर दर गुरुवारी असतात. मी फोन करून विचारले. कोणीही यावे, असे दारावर लिहिलेले आहे, असे समजले. ह्या गुरुवारी मी दगड रुमालात बांधून जाणार आहे. जाताना डब्यात चिवडा नेणार आहे. दार वाजवायचे, नाव सांगायचे, दगड टेबलावर ठेवायचा, आणि मग म्हणायचे की मी अकरा वर्षे भूगोल शिकवला, पण हा कोणता दगड आहे ते मला येत नाही.